परळमधलं ग्रामीण केंद्र

निवृत्तीआधी काय करत होतात, असं कोणी विचारलं की मी सांगते, खेड्यातल्या लोकांना आरोग्य शिकवत होते. पुढचा प्रश्न ठरलेला. कुठे? मी म्हणते, परळला. मग समोरचं माणूस हसतं आणि मलाही त्याच्याबरोबर हसावं लागतं. उड्डाणपूल, इस्पितळं आणि टॉवर यांच्या मधोमध बसून गावांची काळजी वाहणारी बाई हसण्यासारखीच आहे. पुढे काय झालं ते ऐकल्यावर मात्र कोणी हसत नाही, म्हणून एरवी मी ते सांगत नाही. दिवाळी अंकात लोकांना काहीतरी खमंग हवं असतं हे मला कळतं. माझ्या डब्यात ते नाही.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात मालवणी आणि दाराबाहेर मुंबईची मराठी. डॉक्टर व्हायची इच्छा होती, मार्कांनी ती पुरी होऊ दिली नाही. समाजकार्याची पदवी घेतली आणि परळच्या एका मोठ्या इस्पितळात आरोग्य शिक्षिका म्हणून लागले. हे पद म्हणजे नेमकं काय, ते माझ्या आईलाही शेवटपर्यंत समजलं नाही. ती चाळीत सांगायची, "आमचा चेडू नर्स आसा, पण सुई टोचणा नाय."

खरं तर काम सोपं आहे. डॉक्टर औषध लिहून देतो. ते औषध माणसाच्या पोटात जातं की नाही हे बघायला दुसरं कोणीतरी लागतं, ते दुसरं कोणीतरी म्हणजे मी. सुरुवातीची काही वर्षं मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायचे. एकदा तिथल्या बायकांना जमवून मी रक्तदाब आणि मीठ यावर तक्त्यांसह व्याख्यान दिलं. माझ्या पाठीमागे वलांडीवर बोंबील वाळत होते आणि समोर टोपल्यांत मीठ लावलेली मासळी होती. सगळं शांतपणे ऐकून एक कोळीण म्हणाली, "बाय, मीठ कमी केला त म्हावरा कुजंल. मंग तुजी गोली खायाला तरी जगू का?" बायका खदखदून हसल्या. मी तक्ते गुंडाळले आणि त्या दिवसापासून व्याख्यानं देणं कमी केलं.

या धंद्यातली एक युक्ती मात्र मी तिथेच शिकले. 'गोळी घेतली का' असं कधी विचारायचं नाही. त्याचं उत्तर श्रीमंत असो की गरीब, 'हो' असंच येतं. विचारायचं, गोळ्या कुठे ठेवता? मग म्हणायचं, दाखवा बघू. पाकीट डोळ्यांनी बघितलं की सगळं कळतं. ही युक्ती मी पुढे कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवली. तिनं माझ्यावर कसा सूड उगवला ते पुढे येईलच.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना विद्यापीठानं ग्रामीण सार्वजनिक आरोग्य शिक्षण व विस्तार केंद्र काढायचं ठरवलं. पाटी रंगवायला आलेला रंगारी म्हणाला, "बाई, एवढ्या नावात एक वाडी बसेल." केंद्राला जागा मिळाली ती जुन्या प्रयोगशाळेमागची, जिथे पूर्वी सशांचे पिंजरे असायचे. ससे जाऊन जमाना झाला होता, वास गेला नव्हता. संचालक म्हणून आले डॉ. मानकर. गिरगावातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं घराणं, आजोबा सरकारी कचेरीत, वडील वकील, स्वतः हे अतिशय हुशार आणि मनानं सरळ. सुट्टीत गावाला जातात म्हणजे काय करतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. "धुरीबाई, आमचं गाव म्हणजे गिरगावच," ते म्हणायचे. मी त्यांची समन्वयक झाले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला माझ्या वडिलांची फार आठवण झाली आणि सशांच्या त्या खोलीत बसून मी थोडी रडलेही. इतकी वर्षं दुसऱ्यांनी आखलेलं काम केलं होतं. आता काहीतरी स्वतःच्या हातानं उभं करायला मिळणार होतं.

काम सुरू करायला एक गाव हवं होतं. त्याचं खरं नाव देत नाही, फणसखोल म्हणू. तळकोकणातलं, डोंगराच्या कुशीतलं, वरची वाडी आणि खालची वाडी असं विभागलेलं. आता विद्यापीठाला वाटलं की गावाची परवानगी घ्यायला गावात जावं लागतं. मला माहीत होतं की त्यासाठी डिलाईल रोडला जावं लागतं.

गिरणगावाबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं समजावते. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक गावाची मुंबईत एक खोली असायची. गावाहून नोकरीला आलेला पुरुष तिथे ट्रंक ठेवायचा, पाळीनं झोपायचा आणि महिना झाला की गावी मनिऑर्डर करायचा. गिरण्या गेल्या तरी काही खोल्या राहिल्या आणि त्या खोलीत बसणारं ग्रामस्थ मंडळही राहिलं. देवळाचा कळस, पालखीचा मान, विहिरीचा पंप, सगळं मंडळ ठरवतं. गावात राहणारे ते पाळतात. ज्यांचे पाय गावात आहेत त्यांचं तोंड मुंबईत, अशी ही पद्धत. मी तिच्यातच वाढले, त्यामुळे मला तिचं नवल कधी वाटलं नाही.

फणसखोल मंडळाचे अध्यक्ष नाना परब. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर त्याच आवारात उभ्या राहिलेल्या ऑफिसात पहारेकरी झाले. आवाज मोठा, मान ताठ. मानकर सरांना घेऊन मी त्या खोलीवर गेले, तेव्हा भिंतीला टेकून मंडळाचे सभासद बसले होते आणि सरांसाठी एकुलती एक खुर्ची पुसून ठेवली होती. सरांनी सांगितलं, आधी गावाची पाहणी करू, मग गरजेप्रमाणे वर्ग आखू. पाहणी कधी करायची यावर नाना क्षणभरही थांबले नाहीत.

"गणपतीत येवा, डाक्टर साहेब. तेव्हा गाव भरलेलो आसता."

मी म्हटलं, "नाना, गणपतीतलं गाव वेगळं. एरवी कोण असतं ते बघायला हवं."

नाना माझ्याकडे वळले. "बाय, तू आपल्यातली. पाव्हण्यांक कोणी बंद घरा दाखवता काय? माणसा बघूची तर गणपतीतच."

यात त्यांची लबाडी नव्हती, अब्रू होती. रिकामं गाव परक्याला दाखवायचं म्हणजे फाटकी चादर अंगणात वाळत घालायची. मी सरांना परतीच्या वाटेवर पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "अहो, सगळे एकाच वेळी भेटतात, यापेक्षा सोयीचं काय?" त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. गिरगावात गणपतीतही तीच माणसं असतात.

तर आम्ही गणपतीत गेलो. काय गाव होतं ते. घराघरात सुना, अंगणात पोरं, भजनाला तरुण मुलगे, दोन-चार बायका दिवस गेलेल्या. माझे विद्यार्थी घरोघरी फिरले, लोकांनी त्यांना मोदक चारले आणि विचारलं ते सगळं सांगितलं. त्या पाहणीवरून केंद्राचे वर्ग ठरले: गरोदर बायकांसाठी आहार, तरुणांसाठी तंबाखूमुक्ती, मुलांसाठी स्वच्छता. मंडळानं देवळाशेजारची धर्मशाळा दिली, कुलगुरू येऊन फीत कापून गेले. नानांनी भाषणात विद्यापीठ आपल्या दारी आल्याचं सांगितलं. तो दिवस चांगला होता, तो मी कोणाला हिरावू देणार नाही.

मार्गशीर्षात मी पहिल्या वर्गासाठी विद्यार्थ्यांना घेऊन गेले तर गावात कुलपं होती. अंगणात पालापाचोळा, तुळशी सुकलेल्या. तंबाखूमुक्तीच्या वर्गाला देवळातला गुरव आला, त्यानं आयुष्यात कधी तंबाखू खाल्ला नव्हता. गरोदर बायकांच्या वर्गाला सहा-सात म्हाताऱ्या येऊन बसल्या. माझ्या विद्यार्थिनी आहाराविषयी बोलल्या, म्हाताऱ्यांनी कौतुकानं ऐकलं. शेवटी एक जण उठली आणि म्हणाली, "शिकवतंस बरा गो बाय. पण आमका आता पोरा कशी होतली?"

ती जनाकाकी. वरच्या वाडीत एकटी राहायची. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा गुरुनाथ लालबागला. उंच, काटक, कमरेत थोडी वाकलेली, आणि जीभ अशी की ऐकत राहावं. त्या दिवशी मी उगाच म्हणून तिचा रक्तदाब मोजला. मग जमलेल्या सगळ्यांचा मोजला. मुंबईत असे आकडे निघाले असते तर त्यातल्या एकीलाही घरी पाठवलं नसतं, इस्पितळातच ठेवलं असतं. त्यांना ना डोकं दुखत होतं ना चक्कर येत होती. "माका काय धाड भरली हा?" जनाकाकी म्हणाली आणि डोंगर चढून निघून गेली.

केंद्राचं खरं काम काय ते मला तिथे कळलं. वरच्या वाडीत एकट्या राहणाऱ्या ज्या बायका होत्या, त्यांच्यातली एकही कोणाला न कळता घरात आडवी पडू नये. बाकी अभ्यासक्रम, परिषदा, प्रमाणपत्रं गेली चुलीत. मी सरांना परत येऊन हेच सांगितलं. सर चांगले होते हे पुन्हा सांगते. पाहणीचा अहवाल छापून झाला होता, त्यांनी तो कपाटात टाकला. दर महिन्याला ते स्वतः गावी येऊ लागले, बायकांना तपासून गोळ्या सुरू केल्या. खालच्या वाडीतली शुभदा नावाची लग्न होऊन गावातच राहिलेली मुलगी आम्ही तयार केली. ती गोळ्या पोचवायची. पण वरची वाडी रोज चढणं तिलाही शक्य नव्हतं, तिला घर होतं, गुरं होती.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली. तोंड मुंबईत आहे ना, मग तोंडालाच शिकवू. लालबागच्या एका चाळीत, गणेशमंडळाच्या खोलीत, आम्ही रविवारचा वर्ग सुरू केला. गावच्या म्हाताऱ्यांचे मुलगे आणि सुना यायच्या. रक्तदाब म्हणजे काय, गोळी का चुकवायची नाही, आईला रोज फोनवर कसं विचारायचं. फोन गावात प्रत्येकीला एका ठरावीक जागीच लागायचा, जनाकाकीला फणसाखालच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभं राहिलं की. मी त्यांना माझी युक्ती शिकवली. घेतलीस का म्हणून विचारू नका, कुठे ठेवतेस ते विचारा. आणि तुमचाही रक्तदाब मोजून घ्या, ही गोष्ट घराण्यात चालते, असं सांगून मी प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधला. गुरुनाथचा बराच जास्त निघाला. तो लोअर परळच्या एका मॉलमध्ये पार्किंगचा सुपरवायझर होता, दिवसभर धुरात उभा. मी त्याला इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात जायला सांगितलं. तो म्हणाला, "बघतो मॅडम, सुट्टीचं बघतो."

त्या वर्षी गणपतीत गावाला शिबिर झालं. गुरूचा रक्तदाब मी त्याच्या आईसमोर मोजला, तो खाली आलेला नव्हता. जनाकाकीनं मला एकेक गोष्ट खोदून विचारली. हा वाढला तर काय होता? मी सांगितलं, माणूस अंगानं लुळा पडू शकतो. आणि गोळी घेतली तर? तर नाही पडत. रोज? रोज. तिनं मान हलवली. इतकं लक्ष देऊन ऐकणारी विद्यार्थिनी मला कॉलेजातही भेटली नव्हती.

पुढच्या वर्षभरात आमचं केंद्र फार छान चाललं. निदान आम्हाला तसं वाटलं. लालबागच्या वर्गात गुरुनाथचा रक्तदाब उतरत गेला. कसं केलंस विचारलं तर म्हणाला, "तुमच्यामुळेच मॅडम," आणि मी ते माझ्या वर्गाच्या खात्यात जमा केलं. सरांनी एका परिषदेत त्याचं उदाहरण दिलं, बघा, आईसाठी आलेला मुलगा स्वतःही सुधारला. गावात जनाकाकीचा आकडा मात्र जिथल्या तिथे. सर दर खेपेला विचारायचे, "काकी, गोळ्या घेता ना? कुठे ठेवता?"

"डब्यात," जनाकाकी म्हणायची. आणि खरंच कुळथाच्या पिठाच्या डब्यातून पाकीट काढून दाखवायची, अर्धं वापरलेलं. सरांनी गोळ्या वाढवल्या. पुन्हा उतरेना, पुन्हा वाढवल्या. वरच्या वाडीतल्या बहुतेक सगळ्यांचं हेच. "धुरीबाई, या बायका मीठ फार खातात," सर म्हणाले. मला मच्छीमार नगर आठवलं आणि मी म्हटलं, असेल.

एका सकाळी जनाकाकीच्या कोंबड्या दिवस वर आला तरी खुराड्यातच ओरडत होत्या. शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली तेव्हा जनाकाकी चुलीजवळ पडलेली होती, एक बाजू गेलेली, वाचा गेलेली. केव्हापासून, ते कोणाला सांगता आलं नाही. माणसं गोळा होईपर्यंत आणखी वेळ गेला, कारण उचलायला पुरुष नव्हते. गुरव, शुभदाचा नवरा आणि शाळेचे मास्तर यांनी तिला खुर्चीत बसवून डोंगर उतरवला. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून गुरूनं तिला परळला आणलं, माझ्याच जुन्या इस्पितळात.

मी कळताच धावत गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर गुरू आणि त्याची बायको संजना बसली होती. निवासी डॉक्टर मुलगी बाहेर येऊन विचारू लागली, पेशंटला रक्तदाबाची गोळी नियमित चालू होती का. मी ठासून सांगितलं, हो, आमच्याच केंद्राकडून जाते, तीन प्रकारच्या आहेत. डॉक्टर म्हणाली, तसं दिसत नाही. मी थोडी चिडले.

तेव्हा गुरू म्हणाला, "मॅडम, मला येतात त्याच ना?"

"तुला कुठून येतात?"

"तुम्हीच देता ना. आई गावाहून पाठवते, कुळथाच्या पिठात घालून. एसटीच्या पार्सलनं पीठ, आमसुलं, तांदूळ येतं ना, त्यात. ती म्हणाली, सेंटरवाल्यांनी तुझ्यासाठी दिलेत, तुला रांगेत उभं राहायला वेळ नाही म्हणून."

संजना म्हणाली, "अर्धं कापलेलं पाकीट यायचं, पिठानं माखलेलं. मी पुसून ठेवायचे."

गुरूला तोपर्यंत कळलं नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू येताना मी बघितलं आणि ते मला बघायला नको होतं. तो उभा राहिला, पुन्हा बसला. "म्हणजे मी आईच्या गोळ्या खाल्ल्या," तो म्हणाला. संजनानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यानं झटकला. मला म्हणाला, "मॅडम, सांगा ना, मी आईच्या गोळ्या खाल्ल्या का?"

त्या रविवारी लालबागच्या वर्गात मी फक्त एवढंच विचारलं, गावाहून गोळ्या कोणाकोणाला येतात? आधी कोणी हात वर केला नाही. मग एक झाला, मग दुसरा. कोणाला तांदळात, कोणाला आमसुलांच्या बरणीत, कोणाला उकड्या तांदळाच्या पिशवीत खाली. एकीची सासू म्हणे ताकदीच्या गोळ्या म्हणून सुनेसाठी पाठवायची. सगळ्या आया फोनवर रोज विचारल्यावर 'हो' म्हणत होत्या, आणि कुठे ठेवतेस विचारल्यावर 'डब्यात' म्हणत होत्या, आणि तेही खोटं नव्हतं.

नाना परब कोपऱ्यात बसले होते. ते इतके दिवस वर्गाला येऊन पुढाऱ्यासारखे बसायचे, त्या दिवशी भिंतीला टेकून होते. त्यांची स्वतःची आई कधीच गेलेली, पण ते बोलले ते जणू तिच्याबद्दलच. "आमच्या आयांनी स्वतःक काय ठेवलानी कधी? तांदूळ धाडल्यानी, पीठ धाडल्यानी, पोटचे झील धाडल्यानी. मगे गोळये काय घरात रवतले?"

मी घरी येऊन त्यावर पुष्कळ विचार केला, अजूनही करते. आमच्या शिकवण्यात खोट कुठे होती? बायकांनी ऐकलं नाही असं म्हणावं तर पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी ऐकलं होतं. गोळी जीव वाचवते हे त्यांना पुरतं पटलं होतं. पटलं नसतं तर त्यांनी ती कोंबड्यांना घातली असती, मुलांना नसती पाठवली. घरात जे जे चांगलं येईल ते मुंबईला जातं, ही रीत आमच्या केंद्राच्या आधीपासूनची आहे. मी स्वतः त्या पार्सलांवर वाढले. माझ्या आजीनं पाठवलेले लाडू खाताना तिनं काय खाल्लं असेल हे मी कधी विचारलं नव्हतं, कोणीच विचारत नाही.

यानंतर केंद्राचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. आढावा घ्यायला समिती आली. त्यांनी गावातल्या गोष्टीचं काही विचारलं नाही. त्यांचा आक्षेप एवढाच की ग्रामीण केंद्राचे लाभार्थी लालबागचे कसे? मी समजावून सांगू लागले की गावाचं तोंड मुंबईत आहे. एक सदस्य म्हणाले, "मॅडम, हे आम्ही कुठल्या सदरात घालायचं?" लालबागचा वर्ग बंद झाला. त्यानंतर धर्मशाळेत गावात वर्ग घ्यायचे तर घ्या, म्हणाले, पण तिथे बसायला कोण होतं? डिलाईल रोडची चाळ टॉवरसाठी पाडली, गावाची खोली गेली, नाना मुलीकडे बदलापूरला गेले. मंडळ आता मोबाईलवर भरतं, त्यात लोक एकमेकांना सुप्रभात पाठवतात. मानकर सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. एकदा गिरगावात भेटले, भाजी घेत होते. आम्ही पावसाबद्दल बोललो. निघताना म्हणाले, "मी गोळ्या वाढवत गेलो, धुरीबाई." मी म्हटलं, सर, कोणीही वाढवल्या असत्या. त्यांना ते पुरलं नाही, ते दिसत होतं. केंद्राच्या खोलीत आता कसलंसं कौशल्य शिकवतात. पाटी मात्र कोणी उतरवलेली नाही, तेवढ्यासाठी शिडी कोण आणणार?

गावातल्या बायकांना शुभदा अजून जमेल तशी भेटते, स्वतःच्या हौसेनं. समोर बसून गोळी गिळायला लावते. वरच्या वाडीत जाते तेव्हाच ते होतं, बाकीचे दिवस काय होत असेल ते मला माहीत आहे. त्यांच्यातल्या दोघी गेल्या. घरांना कुलपं लागली. पुढच्या गणपतीत ती उघडतील आणि गाव पुन्हा भरेल, आणि कोणी परका आला तर त्याला ते दाखवतील.

जनाकाकी जगली. याला जगणं म्हणावं की नाही ते तिला विचारता येत नाही. लालबागच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट आहे. उजवी बाजू गेली ती गेलीच, शब्दांपैकी दोन-चार परत आले. ज्या बाईनं माझ्या वर्गाला आपल्या एका वाक्यात निकालात काढलं होतं, ती आता 'पाणी' म्हणायला घाम गाळते. खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो, दुसरं काही दिसत नाही. गुरू स्वतःच्या गोळ्या आता इस्पितळातून आणतो, रांगेत उभा राहून. घेतो की नाही, मी विचारत नाही.

गेल्या महिन्यात मी तिला बघायला गेले. सकाळची वेळ, घरात निघायची घाई. संजनाला दादरला साडीच्या दुकानात पोचायचं होतं. तिनं सासूचं डोकं उचलून गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट दिला, तोंड पुसलं आणि पदर खोचत मोरीकडे वळली. तिचं काही चुकलं नाही. इतकं सगळं करून नोकरी करणाऱ्या बाईला मी काही शिकवावं अशी माझी आता लायकी वाटत नाही.

गुरू दारात बसून बूट घालत होता, आमच्याकडे पाठ करून. जनाकाकीनं तो आपल्याकडे बघत नाही ना, ते बघितलं. मग डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली, गालातून गोळी काढली, आणि ती ओली गोळी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. हातात अजून ताकद होती तिच्या. दाराकडे मान करून ती म्हणाली, "तेका."

मी म्हटलं, "काकी, ही तुमची आहे. त्याच्या वेगळ्या आहेत आता. त्याला मिळतात." मी हे कितीतरी वेळा म्हटलं, हळू आवाजात, तक्ते न दाखवता, जसं बोलायला मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं तसं. मग गोळी तिच्या तोंडाशी नेली. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच काहीतरी हट्ट करते आहे.

गुरू उठला, पिशवी खांद्याला लावली आणि रोजच्यासारखं दारातून विचारलं, "आये, गोळी घेतलंस मा?"

जनाकाकीनं मान हलवली. हो. आणि तो कामावर गेला.